वजा करू नकोस, नुसते पाहा

'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात मारिओ कितीही वेळा मेला तरी खेळ संपू नये असे वाटत असेल, तर सहा रोमन अक्षरे पुरतात: एस, एक्स, आय, ओ, पी, ओ. १९९० मध्ये 'गेम जिनी' नावाचे एक उपकरण बाजारात आले. इंग्लंडमधल्या कोडमास्टर्सने ते तयार केले आणि अमेरिकेत गलूब या खेळण्यांच्या कंपनीने विकले. कॅसेट आणि यंत्र यांच्या मधे ते खोचायचे, पहिल्या पडद्यावर ही अक्षरे भरायची, की मारिओ अमर. आज ते उपकरण नको, यंत्र नको, कॅसेटही नको. संगणकावर एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालू केला की त्याच्या चीटच्या खिडकीत हीच सहा अक्षरे तितकेच काम करतात.

मला ही अक्षरे एखाद्या सूत्रासारखी वाटतात. सूत्र थोडक्यात बोलते आणि भाष्याची वाट पाहते. यांचे भाष्य करायला बसले की एका जुन्या प्रश्नाशी येऊन थांबायला होते: मरणाच्या भयातून सुटका कशाने होते? आणखी आयुष्य मिळाल्याने, की आयुष्याची मोजदाद सुटल्याने?

मी मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहिते. पाण्याचे मीटर, पंपाचे नियंत्रक अशा वस्तूंच्या पोटात जी लहानशी चिप असते तिला काय करायचे ते सांगणे हे माझे पोटापाण्याचे काम. माझे वडील, अण्णा, वाईच्या एका शाळेत संस्कृत शिकवत आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटाजवळच्या आमच्या माडीवर चार-पाच जणांना घेऊन 'पंचदशी' हा वेदान्तावरचा ग्रंथ वाचत. नव्वदच्या दशकात साताऱ्याला मामाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. जपानमध्ये १९८३ साली निन्तेन्दोने फॅमिकॉम काढला, तोच पुढे अमेरिकेत एनईएस झाला. आपल्या घरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या स्वस्त नकला. सुट्टीत मामाकडे मारिओ आणि कॉन्ट्रा, वाईला परतल्यावर जिन्यात बसून कानावर पडणारे पंचकोश. पुढे कितीतरी वर्षांनी संगणकावर तेच खेळ उघडून त्यांचे कोड मी स्वतः शोधू लागले, तेव्हा हे दोन अभ्यास एकमेकांना येऊन मिळाले.

चीट कोड सापडतो कसा, ते आधी सांगायला हवे, कारण माझ्या मते सारे तत्त्वज्ञान त्या शोधण्यात आहे.

फॅमिकॉम या यंत्राची कामाची मेमरी, म्हणजे रॅम, फक्त २ किलोबाइट. २०४८ घरे, आणि प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एकच आकडा मावतो. मारिओ कुठे उभा आहे, तो लहान आहे की मोठा, कासव कोणत्या दिशेने निघाले आहे, घड्याळात किती उरले आहे, हे सगळे त्या २०४८ घरांत. त्यांतल्या एका घरात मारिओची आयुष्ये आहेत, म्हणजे आम्हा मुलांच्या भाषेत 'लाइफ'. घरावर पाटी नसते. ते ओळखायचे कसे?

पडद्यावर ३ दिसतो म्हणून मेमरीत ३ शोधणाऱ्याला ते घर मिळत नाही. या खेळात आत २ लिहिलेला असतो आणि दाखवताना त्यात १ मिळवला जातो. म्हणून दिसणाऱ्या आकड्याचा माग सोडून द्यावा लागतो. एफसीईयूएक्ससारख्या एम्युलेटरमध्ये 'रॅम सर्च' नावाची खिडकी आहे. तिला म्हणायचे: सध्या सगळी २०४८ घरे संशयित धर. मग मारिओला थोडे चालवायचे, उड्या मारायला लावायच्या, पण मरू द्यायचे नाही. आता जी घरे बदलली ती सगळी बाद, कारण आयुष्य बदललेले नाही. मग त्याला एका खड्ड्यात टाकायचे. आता ज्या घरांतला आकडा बरोबर एकने उतरला तीच ठेवायची, बाकीची बाद. पुन्हा चालवायचे, पुन्हा मारायचे. यादी भराभर आटत जाते. शेवटी जी दोन-चार घरे उरतात त्यांत एकेक करून वेगळा आकडा लिहून पाहायचा आणि पुढच्या मरणात कोणता लागू पडतो ते बघायचे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ते घर सोळाच्या पायावरच्या मोजणीत ०७५ए क्रमांकाचे आहे.

आपल्या शास्त्रकारांनी या रीतीला अन्वय-व्यतिरेक म्हटले. एक असता दुसरे असते हा अन्वय, एक नसता दुसरे नसते हा व्यतिरेक. धूर आणि अग्नी यांचा संबंध नैयायिक असाच ठरवतात. वेदान्ताने ही रीत स्वतःकडे वळवली. 'पंचदशी'च्या पहिल्याच प्रकरणात विद्यारण्य तिचा उपयोग 'मी' शोधायला करतात. स्वप्नात हा स्थूल देह भासत नाही, पण स्वप्न पाहणारा असतो. म्हणजे देह आला-गेला तरी मी गेलो नाही. गाढ झोपेत मनही मावळते, तरी सकाळी उठून 'काही कळले नाही, सुखाने झोपलो' असे सांगणारा असतो; म्हणजे मनही मी नव्हे. जे जे ये-जा करते ते बाद करत जायचे.

दोन्ही शोधांत रीत एकच, पण दिशा उलट आहे. खेळात मला असे घर हवे असते जे मरणाबरोबर बदलते. 'पंचदशी'ला असे काही हवे असते जे मरणाबरोबरही बदलत नाही. पहिला शोध मी एम्युलेटरमध्ये अगदी पुरा करून पाहिला आहे. २०४८ घरांपैकी महत्त्वाची बहुतेक मला आता माहीत आहेत. त्यांत मारिओ आहे, लुइजी आहे, राजकन्येचा किल्ला आहे. खेळणारा मात्र एकाही घरात नाही. एम्युलेटरमध्ये सेव्हस्टेटची सोय असते: कोणत्याही क्षणी खेळाची सगळी अवस्था गोठवून ठेवायची आणि हवे तेव्हा तिथे परतायचे. परतल्यावर घड्याळ मागे जाते, मेलेली कासवे उठतात, मिळवलेली नाणी पुन्हा हवेत दिसतात. मागे जात नाही तो एकच, कडेला बसून पाहणारा. पुढच्या वळणावर काय आहे हे त्याच्या ध्यानात राहते. खेळाला त्याचा पत्ता नसतो, आणि खेळाच्या आत कितीही शोध घेतला तरी तो लागणार नाही. द्रष्टा दृश्यात सापडत नाही, हे अण्णांच्या तोंडून मी लहानपणी अनेकदा ऐकले होते. मला ते समजले रॅम सर्चच्या खिडकीत.

नाण्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १०० नाणी जमली की मारिओला एक आयुष्य मिळते. पडद्यावर नाण्यांचे जे दोन अंक दिसतात त्यांची घरे वेगळी, आणि खेळ ज्या मोजणीवरून आयुष्य देतो ते घर वेगळे: ०७५ई. दिसणाऱ्या अंकांच्या जागी ९९ लिहिले आणि एक नाणे घेतले, तर पडद्यावर ००  होते, पण आयुष्य मिळत नाही. खरा हिशेब दुसरीकडे चाललेला असतो आणि तो पडद्याला विचारत नाही. आपण ज्याला पुण्य म्हणून मिरवतो आणि जे खरोखर आत जमते, त्यांची घरेही अशीच वेगळी असतात. टिळे, पावत्या, देणगीदारांच्या फरशीवरचे नाव ही दिसणाऱ्या अंकांची घरे. कर्माची मोजणी अन्य घरात होते, हे धर्म सांगतो तेव्हा तो आपल्याला घाबरवत नसतो. तो पत्ता दुरुस्त करून देत असतो.

आता आयुष्याचे घर सापडले आहे. त्यात काय लिहावे?

पहिला मोह सर्वांत मोठ्या आकड्याचा. घरात मावणारा सर्वांत मोठा आकडा २५५, म्हणून २५५ लिहावे. लिहिले, आणि मारिओ पहिल्यांदा मेला की खेळ तिथेच संपतो. कारण असे: मरण आले की प्रोग्रॅम आधी एक वजा करतो आणि मग विचारतो, उत्तर ऋण आहे का? आठ बिटांच्या या गणितात १२८ पासून २५५ पर्यंतचे आकडे ऋण धरले जातात. २५५ मधून एक गेला, २५४ उरले, आणि प्रोग्रॅमच्या दृष्टीने हा शून्याखाली गेलेला माणूस. ज्याने सर्वांत जास्त मागितले तो सर्वांत आधी संपला.

हिरण्यकशिपूने मागितलेल्या वराची घडण नेमकी अशी आहे. घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. त्याने शक्य तितकी घरे भरून टाकली. मृत्यू आला तो उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर, नखांनी, नर आणि सिंह यांच्या मधल्या रूपात. लहानपणी वाटे की देवाने पळवाट काढली. आता वाटते की देवाने त्या वराचा शब्द न् शब्द पाळला. ज्या यंत्रणेच्या घडणीचे ज्ञान नाही, तिच्याकडे कितीही मोठे मागणे मागा, ते तिच्याच घडणीत अडकून उलटते. हिरण्यकशिपूने तप पुष्कळ केले, पण विचार केला नाही.

शहाणा खेळाडू २५५ सोडतो आणि एखादा साधा आकडा, समजा ८, गोठवतो. गोठवणे म्हणजे एम्युलेटर त्या घरात तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत राहतो, पडद्यावरचे चित्र बदलते त्या गतीने, सेकंदाला सुमारे ६० वेळा. खेळ एक काढतो, एम्युलेटर परत भरतो. चालते हे, पण ते चालवण्यासाठी सतत पहारा द्यावा लागतो. पहारा थांबला की वजाबाकी तिथून पुढे सुरू. दीर्घायुष्याच्या पुष्कळशा इच्छा मला अशा गोठवलेल्या दिसतात. त्यांत आयुष्य असते, पण क्षणभर विसावा नसतो.

आणि पहारा कायमचा टिकला तर काय होते, तेही आपल्या परंपरेने सांगून ठेवले आहे. वाढदिवसाला औक्षण करताना ज्या सात चिरंजीवांचे स्मरण करतात त्यांत पहिले नाव अश्वत्थाम्याचे येते. सौप्तिक पर्वात त्याला मिळालेले दीर्घ जीवन हा शाप आहे: ३००० वर्षे, एकटा, रक्तापुवाने भरलेल्या देहाने भटकत राहा. आपल्याकडे जखमेला तेल मागत तो अजून फिरतो असे मानतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत त्याची यात्रा भरते आणि माणसे रात्रीची डोंगर चढून जातात. ज्याच्या आयुष्यातून मरण वजा केले आणि जखम मात्र तशीच ठेवली, त्याची कणव आपल्या लोकांना आली, हे मला मोठे वाटते. औक्षणाच्या वेळी पहिले नाव घेताना हेही आठवावे: आकडा वाढला म्हणजे कृपा झाली असे नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सगळे मुळात लबाडीचे खेळणे नव्हे का? आमच्या लहानपणी असे वागणाऱ्याला 'रडीचा डाव' म्हणून खेळातून उठवत. मग त्यात धर्म कसला शोधायचा?

मला वाटते, प्रश्न समोर कोण बसले आहे याचा आहे. सभापर्वातल्या द्यूतात शकुनीचे कपट घोर ठरते, कारण समोर जिवंत माणूस होता, त्याचे राज्य होते, भाऊ होते, पत्नी होती. तिथे प्रत्येक फासा कोणाच्या तरी घरातला आकडा उतरवत होता. एकट्याने खेळलेल्या मारिओत मी कोणाचे काही हिरावत नाही. निन्तेन्दोने गेम जिनीविरुद्ध अमेरिकेत दावा लावला होता आणि १९९२ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गलूबच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेला खेळ आपल्या घरी आपल्या आनंदासाठी वेगळ्या रीतीने खेळून पाहण्याने कर्त्याच्या हक्काला बाध येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याचा हा निवाडा मला नीतीचाही वाटतो. एकट्याचा कोड हा शोध, समोर दुसरा असताना गुपचूप लावलेला कोड ही चोरी.

शिवाय खेळ रचणारे स्वतः कोड लिहीत आले आहेत. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा खेळ फॅमिकॉमवर आणत होते. तपासण्यासाठी तो खेळून पाहायचा, तर त्यांच्याच हातून तो पार होईना, इतका अवघड. म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम आत घालून ठेवला: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. तो तसाच विक्रीच्या खेळात राहिला, पुढे 'कॉन्ट्रा'त त्याने ३० आयुष्ये मिळू लागली आणि जगभरच्या मुलांना तो तोंडपाठ झाला. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. आपण रचलेला नियम आपल्यालाही झेपत नाही हे ज्याने ओळखले आणि नियमाच्या पोटातच एक दार ठेवले, त्या माणसाबद्दल मला आदर आहे. भक्तिमार्ग ईश्वराबद्दल काहीसे हेच म्हणतो: कर्माचा नियम त्याचा, आणि नामाचे दारही त्याचेच.

पण ३० आयुष्ये म्हणजेही आकडाच. तोही संपतो. म्हणून मी पुन्हा त्या सहा अक्षरांकडे येते.

गेम जिनीच्या कोडमध्ये १६ अक्षरे वापरतात, प्रत्येक अक्षराला ० ते १५ मधली एक किंमत. या किमतींचे बिट मुद्दाम विस्कटलेले असतात. वहीवर मांडून ते जागच्या जागी लावले की दोन गोष्टी बाहेर येतात: एक पत्ता आणि एक नवा आकडा. आपल्या सहा अक्षरांतून निघणारा पत्ता ९१डी९ आणि नवा आकडा एडी.

हा पत्ता त्या २०४८ घरांतला नाही. तो कॅसेटमधल्या प्रोग्रॅमचा, म्हणजे नियमाचा आहे. मारिओ मेल्यावर जी आज्ञा चालते ती इथे लिहिलेली आहे. मूळ खेळात तिथे सीई हा आकडा आहे. या यंत्राच्या ६५०२ जातीच्या प्रोसेसरला सीई म्हणजे: पुढे सांगितलेल्या घरातला आकडा एकने कमी कर. पुढे सांगितलेले घर अर्थातच ०७५ए. कोड लावला की सीईच्या जागी एडी वाचले जाते. एडी म्हणजे: त्या घरातला आकडा उचलून पाहा.

एवढेच. आयुष्य वाढवलेले नाही, आकडा गोठवलेला नाही, कुठे पहारा बसवलेला नाही. घर तेच, हिशेब विचारायची वेळही तीच. 'वजा कर' या आज्ञेच्या जागी 'पाहा' आली. पाहून झाल्यावर प्रोग्रॅम नेहमीचाच प्रश्न विचारतो, ऋण आहे का? नाही. मग पुढे चल.

पहिल्यांदा हे वहीवर उलगडले तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर गच्चीत जाऊन उभी राहिले. मुण्डकोपनिषदात एका झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत असतो. झाड एक, फांद्यांवरचा वारा एक, फळेही तीच. भेद फक्त खाणे आणि पाहणे यांचा. पहिल्या पक्ष्याला आणखी फळे दिल्याने तो दुसरा होत नाही. २५५ फळे दिली तरी नाही.

आणि या कोडने खड्डे बुजत नाहीत. कासवे तितकीच चालतात, घड्याळ तितकेच उतरते, मारिओ तितक्याच वेळा मरतो आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन सुरुवात करावी लागते. वेदान्तात ज्ञानी माणसाच्या प्रारब्धाबद्दल जे सांगतात ते हेच. सुटलेला बाण लक्ष्यावर लागायचा तो लागतोच. ज्ञान झाले म्हणून देहाचे भोग चुकत नाहीत. चुकते ते त्या भोगातून 'मी कमी झालो' असे वाटणे.

उपमा कुठे तुटते तेही सांगायला हवे, नाहीतर तत्त्वज्ञान म्हणजे शब्दांची जुळवाजुळव होईल. गेम जिनी प्रोसेसरला खोटे सांगते. कॅसेटमध्ये सीई आहे आणि ती मधे बसून एडी वाचायला लावते. वेदान्ताचा दावा याच्या थेट उलट आहे: 'मी कमी झालो' हेच चुकीचे वाचन आहे, मधे बसून अज्ञान ते वाचायला लावते आणि ज्ञानाने मूळचे वाचता येते. हा दावा खरा की खोटा हे एम्युलेटर सिद्ध करू शकत नाही. त्याने एक गोष्ट मात्र दाखवता येते. नियमाच्या साऱ्या चौकटीला हात न लावता, केवळ एका जागी करण्याच्या ऐवजी पाहणे ठेवले तर खेळ कोसळत नाही, तो चालू राहतो. पुष्कळांना साक्षीभाव म्हणजे संसार बंद पडणे वाटते. तसे होत नाही, एवढी साक्ष हे छोटे यंत्र देते.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. नुसते पाहणे म्हणजे थंडपणा तर नव्हे? दुसऱ्याच्या दुःखाकडेही असेच पाहायचे का?

याचे उत्तर मला अण्णांच्या शेवटच्या वर्षात मिळाले. त्यांचे हृदय फार अशक्त झाले होते. दिवसाला पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांनी ठरवून दिले होते, मीठ जवळजवळ बंद होते, रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचे असे, कारण अंगात पाणी साठू लागले की आधी वजन चढते. अण्णा हे सारे काटेकोर करत. गोळी चुकवली नाही, वजन लिहायचे राहिले नाही. पण 'किती दिवस' हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना कधी विचारला नाही, आणि डॉक्टर आपणहून सांगू लागले तेव्हा हसून म्हणाले, 'ते तुमच्याकडे असू द्या.' आईने मात्र ढोल्या गणपतीला नवस बोलला होता. निदान नातीचे लग्न होईपर्यंत, असा.

मी एकदा त्यांना विचारले, 'अण्णा, तुम्ही साक्षी म्हणता आणि आई आकडा मागते. तुम्हाला ते चुकीचे नाही वाटत?'

ते म्हणाले, 'ती स्वतःसाठी थोडीच मागते? माणूस स्वतःचे मोजतो तेव्हा ते भय असते. दुसऱ्याचे मोजतो तेव्हा ती माया असते. तिला मोजू दे. आणि तू माझ्या गोळ्या मोजतेस, त्याही मोज.'

त्या वेळी मी त्यांना सहा अक्षरांचे भाष्य सांगितले. ०७५ए, सीई, एडी, सगळे. त्यांनी वही मागून घेतली, बिटांची मांडणी समजेपर्यंत दोनदा विचारली, आणि म्हणाले की 'हा कोड लुइजीलाही लागतो का?' लागतो. दोघे आळीपाळीने खेळत असले तर ज्याची पाळी असेल त्याचा आकडा त्याच घरात आणून ठेवला जातो आणि तीच आज्ञा दोघांना लागू होते. 'मग ठीक आहे,' ते म्हणाले, 'जो स्वतःपुरता लागतो तो कोड. जो सगळ्यांना लागतो तो सिद्धान्त.'

नातीचे लग्न त्यांनी पाहिले नाही. आईचा नवस फळला नाही, आणि तरी त्या नवसात खोट होती असे मी म्हणणार नाही. तिने दुसऱ्याच्या घरातला आकडा राखायचा प्रयत्न केला, आणि माणसाच्या हातून जो धर्म घडतो त्यातला मोठा भाग हाच असतो. डॉक्टर तेच करतात, नर्स तेच करते, शाळेत मुलांचे डोके मोजून बसमध्ये चढवणाऱ्या बाई तेच करतात. दुसऱ्याच्या बाबतीत 'नुसते पाहा' म्हणणे हा वेदान्त नव्हे, ती बेफिकिरी आहे. साक्षीभाव ज्या एकाच घराला लागू करायचा ते घर ज्याचे त्याचे स्वतःचे.

म्हणून घरातले कोणी मूल मारिओचा किंवा कॉन्ट्राचा चीट मागायला आले, तर मी तयार अक्षरे देत नाही. एम्युलेटर उघडून देते, रॅम सर्च दाखवते आणि सांगते, शोध. २०४८ घरांतून ते एक घर काढताना त्याला कळते की दिसणारा आकडा आणि असणारा आकडा वेगळे असतात. २५५ लिहून मारिओ क्षणात संपला की हावेबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. आणि सीईच्या जागी एडी येईपर्यंत तो टिकला, तर पुढचा प्रश्न त्याचा तोच विचारतो: खेळात हे जमते, मग माझ्यात ती आज्ञा कुठे लिहिलेली आहे?

त्याचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी दिलेले त्याच्या कामाचेही नाही. पण ते कुठल्या रीतीने शोधायचे एवढे मला सांगता येते. जे बदलते ते बाद कर. दुसऱ्याचे जे काही राखण्यासारखे असेल ते डोळ्यांत तेल घालून मोज. स्वतःचे मोजायची वेळ येईल तेव्हा वजा करू नकोस, नुसते पाहा, आणि खेळत राहा.